अक्षांश की अक्षवृत्त? भूगोलाच्या शब्दांतल्या या चुका टाळा

‘या शहरावरून अमुक अक्षांश जातो’ असं सर्रास म्हटलं जातं. पण अक्षांश कुठूनच जात नाही, कारण तो कोन आहे: विषुववृत्तापासूनचं अंशांत मोजलेलं अंतर. नकाशावरची आडवी रेघ म्हणजे अक्षवृत्त. उभ्या रेघा ती रेखावृत्तं, आणि मूळ रेखावृत्तापासूनचं त्यांचं कोनीय अंतर म्हणजे रेखांश. बोलताना ही सरमिसळ खपून जाते. आकडे टाइप करताना मात्र अक्षांश कुठला आणि रेखांश कुठला हे ठाऊक नसलं, की फजिती ठरलेली.

नकाशाच्या ॲपमध्ये आधी अक्षांश, मग रेखांश. कैरो घ्या: 30.04 उत्तर, 31.24 पूर्व. आकडे उलटे टाकले तर पिन पडते थेट अलेक्झांड्रियाजवळ, सुमारे पावणेदोनशे किलोमीटर दूर. देश तोच, त्यामुळे संशयही येत नाही. टोकियोचे आकडे (35.68, 139.69) उलटले तर चूक लगेच पकडली जाते, कारण अक्षांश 90 च्या पुढे जाऊच शकत नाही. तेव्हा 90 हून मोठा आकडा हा रेखांशच. दोन्ही लहान असतील तर आजूबाजूच्या गावांची नावं वाचून खात्री करा. जिओजेसन फाइलमध्ये (नकाशावरची माहिती साठवायचा एक फाइल-प्रकार) हा क्रम नेमका उलटा असतो, आधी रेखांश. तिथे भलेभले फसतात.

हवा आणि हवामान यांचंही तसंच. आजचा पाऊस ही हवा. हवामान म्हणजे साधारण 30 वर्षांची सरासरी. ‘हवामानाचा अंदाज’ हा प्रयोग आता इतका रुळलाय की त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. पण एका कडक हिवाळ्यावरून ‘तापमानवाढ थांबली’ म्हणणं ही शब्दाची नाही, विचाराचीच चूक.

भूकंपाच्या बातमीत ‘6 रिश्टर तीव्रता’ वाचतो, तो आकडा भूकंपात मोकळ्या झालेल्या ऊर्जेचा अंदाज देतो आणि एका भूकंपाला एकच असतो. तीव्रता म्हणजे त्या त्या ठिकाणी जाणवलेला हादरा. ती गावागणिक बदलते. शिवाय 5 नंतरचा 6 म्हणजे ‘थोडा मोठा’ नव्हे: ऊर्जा सुमारे 32 पट. मोठ्या भूकंपांसाठी आता रिश्टरऐवजी मोमेंट मॅग्निट्यूड मोजपट्टी वापरतात.

आणि हो, स्कॉटलंडचा माणूस ब्रिटिश असतो, इंग्लिश नव्हे.