प्रेअरीत तंबू ठोकायचा तर: जागा निवडण्यापासूनची तयारी

मार्च उजाडला की मिनीआपोलिसमधल्या आमच्या ओळखीच्या घरांतून फोन सुरू होतात. यंदा उन्हाळ्यात साउथ डकोटाला जायचंय, तिथल्या बॅडलँड्स राष्ट्रीय उद्यानात राहायचंय, जागा कोणती घेऊ? मग समोरून फोटो येतात: सूर्यास्त, सोनेरी गवत, एकटा तंबू. मी सगळ्यांना एकच सांगते. देखावा नंतर बघा, आधी विचारा की वादळ आलं तर आपण पळायचं कुठे. डोंगरात किंवा जंगलात आडोसा आपोआप मिळतो. प्रेअरीत, म्हणजे उघड्या गवताळ माळरानात, तो आधीच शोधून ठेवावा लागतो, कारण मैलोन्‌मैल सगळ्यात उंच वस्तू म्हणजे तुमचा तंबू असतो.

म्हणून यादीतलं पहिलं काम फोनचं. बुकिंग करण्याआधी कॅम्पग्राउंडला फोन लावा आणि विचारा, ‘वादळाचा इशारा आला तर माणसं कुठे थांबतात?’ पक्क्या बांधकामाचं स्वच्छतागृह, तळघर, ऑफिसची इमारत, असं काही ठोस उत्तर आलं तर पुढे बोला. ‘गाडीत बसा’ एवढंच उत्तर असेल आणि बरोबर मुलं, म्हातारी माणसं असतील, तर मी ती जागा सोडते. विजांपासून बंद गाडी वाचवते, पण टोर्नेडोत, म्हणजे चक्री वावटळीत, गाडी आणि आरव्ही (आत राहायची सोय असलेली मोठी गाडी) दोन्ही उलटतात. गारांचंही तसंच. साउथ डकोटातल्या व्हिव्हियन गावी २३ जुलै २०१० ला आठ इंच व्यासाची गार पडली होती, अमेरिकेत मोजलेली सगळ्यात मोठी. हे गाव बॅडलँड्सला जाणाऱ्या आय-९० महामार्गावरच आहे.

हवामान खात्याचे इशारे ऐकायला बॅटरीवर किंवा हँडल फिरवून चालणारा वेदर रेडिओ घ्या, कारण फोनची रेंज कधी जाईल सांगता येत नाही. इशारे काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, नावाने येतात. तेव्हा आपण कुठल्या काउंटीत झोपणार आहोत ते कागदावर लिहून रेडिओला चिकटवा. बॅडलँड्समध्ये सीडर पास हे कॅम्पग्राउंड जॅक्सन काउंटीत येतं, तर सेज क्रीक पेनिंग्टनमध्ये. ‘वॉच’ म्हणजे वादळाला पोषक हवा आहे, तेव्हा बूट आणि टॉर्च हाताशी ठेवायचे. ‘वॉर्निंग’ म्हणजे आलंच, उठा आणि चला. हा फरक मुलांनाही घरीच समजावून सांगा, मध्यरात्री समजावायला वेळ नसतो.

दुसरी खबरदारी पाण्याची. उजाड माळावर ओढ्याकाठची कॉटनवूडची झाडी दिसली की पाय आपोआप तिकडे वळतात. सावली असते, वारा कमी लागतो, हे खरंच. पण त्या झाडाच्या फांद्या वाऱ्यात मोडून पडतात, आणि ओढे इथे बघता बघता फुगतात. ९ जून १९७२ च्या रात्री ब्लॅक हिल्समध्ये पाऊस कोसळला आणि रॅपिड सिटीत पूर आला, त्यात २३८ माणसं गेली. सखल काठ सोडून थोडी वरची जागा मागा. आणि वाळक्या फांद्यांखाली कधीच तंबू लावू नका.

हे मी भोगून सांगते आहे. पहिल्या वर्षी आम्ही तीन कुटुंबं एका खाजगी कॅम्पग्राउंडवर उतरलो होतो. माझी आई साताऱ्याहून आली होती. तंबूचं दार आम्ही सूर्यास्त दिसावा म्हणून पश्चिमेला ठेवलं. आई म्हणाली, ‘अगं, माळावर पाल ठोकणारा माणूस दार वाऱ्याकडे ठेवत नाही.’ आम्हाला वाटलं, एका रात्रीचा तर प्रश्न आहे. रात्री दोनच्या सुमारास कापड एवढं फडफडायला लागलं की शेजारी झोपलेल्या मुलीचा आवाज ऐकू येईना. एक मेख मातीच्या ढेकळासकट उपटून आली, तणावा सुटला आणि कापडाला आपटत राहिला. दांड्या वाकल्या. पहाटेपर्यंत आम्ही गाडीत बसून होतो, आई माझ्या मुलीला मांडीवर घेऊन. जागा चुकीची होती, आणि दारही.

तेव्हापासून आमच्या पिशवीत तंबूबरोबर मिळणाऱ्या तारेच्या मेखा नसतात. वीतभराहून लांब लोखंडी मेखा, जादा तणावे आणि खरा हातोडा असतो. बॅडलँड्सची माती सुकली की विटेसारखी कडक होते आणि भिजली की लोण्यासारखी निसरडी, त्यामुळे हलक्या मेखा एकतर आत जात नाहीत, नाहीतर टिकत नाहीत. तंबूची बुटकी, निमुळती बाजू वाऱ्याकडे करा. सगळे तणावे पहिल्याच संध्याकाळी बांधा, आकाश कितीही निळं असलं तरी. खाली निवडुंग आहे का तेही हाताने नाही, बुटाने चाचपून बघा. हवेची गादी एका काट्याने बसते.

आता प्रत्यक्ष जागा. बॅडलँड्समध्ये तंबू-आरव्ही मिळून जाणाऱ्या कुटुंबांना मी सीडर पासच सुचवते. झाडं नाहीत, पण प्रत्येक जागेवर सावलीचं छप्पर असलेलं टेबल आहे, पाणी आहे, काही जागांवर वीज आहे. सेज क्रीक फुकट आहे, रात्रीचं आकाश तिथे अप्रतिम दिसतं आणि बायसन (तिथले रानटी गवे) अगदी तंबूंमधून चरत जातात. पण पाणी अजिबात नाही, आधी आरक्षण होत नाही, रस्ता कच्चा आहे आणि पावसानंतर त्यावरून गाडी निघेलच असं नाही. शिवाय १८ फुटांपेक्षा लांब गाडीला तिथे परवानगी नाही. लहान बाळ घेऊन तिथे जाऊ नका. दोन्हीकडे शेकोटीला सक्त मनाई आहे, गवताला वणवा लागतो म्हणून. गॅसचा स्टोव्ह घ्या, त्याला वाऱ्याचा पडदा घ्या. थालीपिठाची भाजणी, मेतकूट, लसणीची चटणी बरोबर असली की शेकोटीवाचून काही अडत नाही.

नॉर्थ डकोटात थिओडोर रूझवेल्ट पार्कमधलं कॉटनवूड कॅम्पग्राउंड छान आहे, पण आरव्हीला तिथे वीज-पाण्याची जोडणी नाही, टाकी भरूनच जायचं. कॅन्ससच्या टॉलग्रास प्रेअरीत जाणार असाल तर लक्षात ठेवा, संरक्षित क्षेत्राच्या आत मुक्कामच करता येत नाही. मुक्काम आसपास शोधावा लागतो. भारतातून आलेले आईवडील बरोबर असतील आणि व्हिसाची सोय असेल, तर कॅनडात सस्कॅचवानमधलं ग्रासलँड्स पार्क बघा. तिथे फ्रेंचमन व्हॅलीत लाकडी जमिनीचे, पलंग असलेले तयार तंबू मिळतात. गुडघे दुखणाऱ्यांना जमिनीवरून उठावं लागत नाही, ही माझ्या लेखी मोठी गोष्ट.

आरव्हीवाल्यांनी फोनवर तीन गोष्टी विचाराव्यात: गाडीची मागच्या हुकसकट एकूण लांबी बसेल का, वीज ३० अँपची आहे की ५० ची, आणि सांडपाण्याची टाकी रिकामी करायची सोय आत आहे की बाहेर. सरळ आत शिरून सरळ बाहेर पडता येईल अशी जागा मिळाली तर थोडे पैसे जास्त द्या. रात्री बाजूची ताडपत्री उघडी ठेवून झोपू नका.

तारखांचंही बघा. ऑगस्टच्या सुरुवातीला स्टर्जिसला मोटरसायकलवाल्यांचा मोठा मेळा असतो, तेव्हा आसपास जागा मिळणं मुश्कील. सप्टेंबरचा पहिला पंधरवडा मला सगळ्यात आवडतो. आय-९० वरून पश्चिमेला जाताना मर्डो गावानंतर घड्याळ एक तास मागे जातं, कॅम्पग्राउंडच्या ऑफिसची वेळ त्या हिशोबाने धरा. पेट्रोल अर्ध्यावर आलं की भरा. पाणी माणशी रोजचं किमान चार लिटर.

मुलांसाठी नियम थोडे आणि कडक ठेवा. बायसनपासून शंभर यार्ड लांब. प्रेअरी डॉग या खारीच्या जातीच्या प्राण्यांच्या बिळांजवळ बसायचं नाही, त्यांच्या पिसवांतून प्लेग पसरू शकतो. रॅटलस्नेक हे विषारी साप असतात, म्हणून बिळात, दगडाखाली हात घालायचा नाही. संध्याकाळी मोजे काढून गोचीड बघायची.

निघण्याच्या आठवडाभर आधी तंबू अंगणात उभा करा, मेखा मोजा. आणि पोचल्यावर सामान काढण्याआधी मुलांना घेऊन तंबूच्या जागेपासून पक्क्या इमारतीपर्यंत चालत जा. एकदा उजेडात, एकदा अंधार पडल्यावर टॉर्च घेऊन. पावलं त्यांनाच मोजू द्या. माझ्या मुलीला सीडर पासची अजून पाठ आहेत: एकशे बारा.