डोमेनवरून मोठ्या कंपनीची नोटीस आली? या चुका टाळा

मोठ्या कंपनीच्या वकिलाचं पत्र आलं की बरेच लोक एकतर घाबरून डोमेन देऊन टाकतात नाहीतर "आता बघा कसे पैसे काढतो" म्हणत आकडा सांगून मोकळे होतात, आणि दोन्हीत नुकसान आपलंच. ज्याने सरळ मनाने नाव घेतलंय त्याच्याकडेच ते राहिलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं, म्हणून हे लिहितोय, कारण अशी प्रकरणं वाचत गेलं की दिसतं, कंपनीची ताकद तर असतेच पण माणूस बऱ्याचदा अडकतो तो स्वतःच पाठवलेल्या एखाद्या मेलमुळे किंवा साइटवरच्या एखाद्या पानामुळे.

किंमत सांगू नका

ही सगळ्यात महाग पडणारी चूक. कॅनडातल्या माईक रो नावाच्या १७ वर्षांच्या पोराने २००३ मध्ये वेब डिझाइनच्या कामासाठी स्वतःच्या नावापुढे सॉफ्ट लावून माईकरोसॉफ्ट डॉट कॉम घेतलं. मायक्रोसॉफ्टच्या वकिलांनी डोमेन मागितलं आणि १० डॉलर देऊ केले, पोराला राग आला, त्याने १०,००० मागितले. झालं, पुढचं पत्र आलं ते २५ पानी, आणि त्यात हाच आकडा पुढे करून म्हटलेलं की तू नाव घेतलंस तेच आमच्याकडून पैसे काढायला. १० डॉलर हा आकडाही उगाच नव्हता. यूडीआरपी म्हणून डॉट कॉमच्या भांडणांचे जे नियम आहेत त्यात स्पष्ट लिहिलंय की डोमेनवर झालेल्या खर्चापेक्षा जास्त रक्कम घेऊन ते ब्रँडच्या मालकाला विकायचं याच मुख्य हेतूने घेतलेलं असेल तर तो वाईट हेतूचा पुरावा. म्हणजे समोरचा वकील खर्चाएवढी रक्कम देऊ करून गप्प बसतो आणि तुम्ही चिडून काय आकडा लिहिता त्याची वाट बघतो. माईक रोची जानेवारी २००४ मध्ये जगभर बातमी झाली, कंपनीवर टीका झाली आणि डोमेन देऊन त्याबदल्यात एक्सबॉक्स, ट्रेनिंग वगैरेवर समझोता झाला. तुमची अशी बातमी होईलच याची काही खात्री नाही.

पत्र आलं तर पहिल्या दिवशी एवढंच लिहा: पत्र मिळालं, कागद बघून कळवतो. बास. फोनवर बोलणं तर अजिबातच नको, आणि "माझा खर्च लई झालाय हो, तुम्हीच काय ते बघा" हे व्हॉट्सॲपवर लिहिलेलं वाक्यही पुढे स्क्रीनशॉट होऊन फाइलला लागतं.

हेतू स्वतःच्या हाताने लिहून देऊ नका

२०२४ च्या ऑक्टोबरमध्ये जिओहॉटस्टार डॉट कॉम गाजलं ते आठवत असेल. दिल्लीच्या एका डेव्हलपरने २०२३ मध्येच ते नाव घेऊन ठेवलेलं, आणि साइटवर खुलं पत्र टाकलं की जिओने सावन घेतल्यावर जिओसावन केलं तसं हॉटस्टारचंही होईल असं वाटलं म्हणून घेतलं, आता केंब्रिजच्या कोर्सची फी द्या आणि डोमेन घ्या. पोरगा प्रामाणिक होता, शिकायची धडपड होती, मला त्याचं वाईटच वाटलं, पण कायद्याच्या नजरेने बघितलं तर त्याने विरुद्ध बाजूचं सगळं काम करून ठेवलं. दोन ब्रँड एकत्र येतील या अंदाजावर नाव अडवणं हा वाईट हेतूचाच प्रकार धरला जातो. रिलायन्सने पैसे दिले नाहीत, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये जिओहॉटस्टार सुरू झालं ते हॉटस्टार डॉट कॉमवर.

तुमचं नाव असं नसेल, आडनाव असेल, साधा शब्द असेल, तर मात्र उगाच घाबरू नका. गायक स्टिंगने २००० साली स्टिंग डॉट कॉमसाठी तक्रार केली आणि तो हरला, कारण तो इंग्रजीतला रोजचा शब्द आहे आणि समोरच्याने वाईट हेतूने घेतला हे सिद्ध झालं नाही. डोमेन काढून घ्यायचं तर कंपनीला तिन्ही गोष्टी दाखवाव्या लागतात: नाव त्यांच्या ब्रँडसारखं आहे, तुमचा त्यावर काही रास्त हक्क नाही, आणि तुम्ही ते वाईट हेतूने घेतलं आणि तसंच वापरलंही. यातली एक जरी ढिली पडली तरी तक्रार फेटाळली जाते.

साइटवर काय दिसतंय ते आजच उघडून बघा

इथे मला निसानचं प्रकरण नीट सांगायचंय. उझी निसान हा अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनात राहणारा माणूस, निसान हे त्याचं खरं आडनाव, कॉम्प्युटरचा धंदा, आणि निसान डॉट कॉम त्याने १९९४ मध्येच घेतलेलं. कार कंपनी निसानने डिसेंबर १९९९ मध्ये त्याच्यावर १ कोटी डॉलरचा दावा लावला. आडनाव स्वतःचं, धंदा खरा, तारीख जुनी, असं असताना कोर्टात त्याला जे नडलं ते म्हणजे साइटवर लागलेल्या गाड्यांच्या जाहिराती. कोर्टाने म्हटलं की कॉम्प्युटर विक हरकत नाही, पण त्या नावावर गाड्यांच्या जाहिराती दाखवल्यास की कंपनीच्या नावाचा फायदा घेतलास. वर्षानुवर्षं खटला चालला, पैसा पाण्यासारखा गेला, शेवटी डोमेन त्याच्याकडेच राहिलं हे खरं. २०२० मध्ये तो कोरोनाने गेला.

आता आपल्याकडे काय होतं बघा. नाव घेतलं, साइट बनवायला सवड नाही, तर रजिस्ट्रार, म्हणजे ज्या कंपनीकडून डोमेन घेतलं ती, आपोआप तिथे एक पान लावून ठेवतो, त्यावर "संबंधित सर्च" म्हणून चारपाच लिंका असतात, आणि त्या लिंका नावावरून ठरतात. नाव एखाद्या गाडीच्या कंपनीसारखं असेल तर कर्ज, टायर, सर्व्हिसिंग. तुम्ही ते पान कधी उघडलेलंही नसतं, जाहिरातीचा एक रुपया तुम्हाला मिळालेला नसतो, तरी यूडीआरपीच्या तक्रारीचा निकाल देणारं पॅनल म्हणतं की डोमेन तुझं म्हणजे पानाची जबाबदारी तुझी. म्हणून जाहिरातीचं पान बंद करा आणि तिथे स्वतःचं साधं एक पान टाका, नाव, काम, गाव, फोन. नोटीस यायच्या आधी. नियमात शब्दच आहेत की वादाची सूचना मिळण्याआधी खरा वापर किंवा खरी तयारी असली पाहिजे, नंतर घाईघाईने टाकलेलं पान कुणी धरत नाही.

डोमेन नक्की कुणाच्या नावावर आहे?

साइट बनवून देणाऱ्या पोराने स्वतःच्या मेलवर डोमेन घेतलेलं असतं, दुकानदाराला वाटतं आपलंच आहे, दरवर्षी पैसे आपणच भरतो ना. मग तक्रारीचा मेल त्या पोराकडे जातो, तो नोकरीला पुण्याला किंवा बंगळूरला गेलेला, मेल बघतच नाही, आणि इकडे मुदत संपून जाते. बरं, हे लक्षात आल्यावर डोमेन स्वतःच्या नावावर करून घेतलं तरी एक गोम आहे, मालक बदलला की ती नवीन नोंदणी धरली जाऊ शकते, म्हणजे तुमची तारीख १० वर्षं जुनी न राहता परवाची होते, आणि कंपनीचा ब्रँड मधल्या काळात आलेला असेल तर तुम्ही त्यांच्यानंतरचे ठरता. त्यामुळे पैसे पहिल्यापासून आपण भरले, काम आपल्यासाठीच केलं, याची बिलं आणि मेल जपून ठेवा, त्यावरून मालकी सलग होती हे दाखवता येतं.

नंतर सुचलेली गोष्ट सांगू नका

मुंबई हायकोर्टात १९९९ मध्ये रेडिफने सायबरबूथविरुद्ध दावा केला, कारण सायबरबूथने रॅडिफ डॉट कॉम घेतलेलं. बचाव काय, तर रॅडिकल या शब्दाची पहिली तीन अक्षरं आणि इन्फर्मेशन, फ्यूचर, फ्री यांचं एकेक अक्षर घेऊन नाव बनवलं. कोर्टाला ते पटलं नाही. सत्यम इन्फोवे या कंपनीच्या सिफी या नावासारखं नाव घेणाऱ्या सिफीनेटनेही प्रवर्तकांच्या नावांची आद्याक्षरं जोडली असं सांगून बघितलं, २००४ मध्ये सुप्रीम कोर्टात तेही टिकलं नाही, उलट डोमेनलाही ट्रेडमार्कसारखं संरक्षण मिळू शकतं हे त्या निकालाने पक्कं झालं. नाव खरंच आजीचं, गावाचं, आडनावाचं असेल तर त्याचा कागद दाखवा, आधार, शॉप ॲक्टचं लायसन्स, जीएसटी, जुनं बिलबुक, वेबॅक मशीन या जुन्या वेबपानांच्या संग्रहातली तुमची जुनी पानं. कागद नसेल तर नुसती गोष्ट कुणी ऐकत नाही.

मुदत आणि हालचाल

यूडीआरपीत उत्तराला २० दिवस असतात, अजून ४ दिवस मागितले की मिळतात. उत्तर दिलं नाही म्हणून आपोआप हरता असं नाही पण मग पॅनलपुढे फक्त कंपनीचेच कागद असतात. तक्रार आल्यावर डोमेन मित्राच्या नावावर करायला जाऊ नका, रजिस्ट्रार ते लॉक करतो आणि तसा प्रयत्न केलेला दिसला तर तोच तुमच्या विरोधात जातो. वायपो या अशा तक्रारी चालवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेकडे एका सदस्याच्या पॅनलची १,५०० डॉलर फी कंपनीच भरते, तुम्हाला उत्तर द्यायला फी नाही, तीन सदस्यांचं पॅनल हवं असेल तरच ४,००० मधले अर्धे तुमच्या गळ्यात.

डॉट इन असेल तर मामला वेगळा. तिथे डॉट इन सांभाळणाऱ्या निक्सी या संस्थेचे आयएनडीआरपी नियम लागतात, एकच लवाद असतो, आणि वाईट हेतूने घेतलं किंवा वापरलं यातलं एकच सिद्ध झालं तरी कंपनीला पुरतं, म्हणजे सुरुवातीला हेतू चांगला होता एवढ्यावर भागत नाही. डॉट कॉमचं उत्तर जसंच्या तसं इथे चिकटवू नका.

नोटिशीत कोट्यवधींची भरपाई लिहिलेली असते त्याला बघून झोप उडवून घेऊ नका, यूडीआरपीचं पॅनल फक्त डोमेन रद्द करू शकतं किंवा कंपनीला देऊ शकतं, पैशाचा दंड लावू शकत नाही, ते काम कोर्टाचं. आणि निकाल विरुद्ध गेलाच तरी रजिस्ट्रार १० कामकाजाचे दिवस थांबतो, तेवढ्यात कोर्टात दावा दाखल करून त्याची शिक्क्याची प्रत रजिस्ट्रारला पाठवली की डोमेन हलत नाही. दावा कुठे लावायचा हे मात्र कंपनीने तक्रारीतच लिहून मान्य केलेलं असतं, एकतर रजिस्ट्रारचं मुख्य ऑफिस जिथे आहे तिथलं कोर्ट किंवा नोंदणीत तुमचा पत्ता आहे तिथलं, त्यामुळे तक्रार हातात पडली की ती ओळ आधी शोधा आणि वकिलाला दाखवून ठेवा, ते १० दिवस शोधाशोधीत जायला नकोत.