भाड्याच्या ट्रेलरवरून स्पोर्ट्स कार लांब न्यायची असेल तर

साध्या गाडीला जे चालतं ते स्पोर्ट्स कारला चालत नाही, त्याची कारणं दोन. एक, तिचं पोट जमिनीला जवळजवळ टेकलेलं असतं. दोन, तिचं वजन कुठे आहे हे नुसतं बघून कळत नाही. ट्रेलर ठरवण्यापासून पट्टे आवळण्यापर्यंतचे सगळे निर्णय या दोन गोष्टींभोवती फिरतात.

ट्रेलर कोणता घ्यावा

पुढची दोन चाकं उचलून मागची रस्त्यावर ठेवणारी डॉली स्वस्त मिळते, पण मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीसाठी ती नको. मागची चाकं फिरली की गिअरबॉक्सचे आतले भाग फिरतात, पण इंजिन बंद असल्याने बऱ्याच गिअरबॉक्सना तेल पोचत नाही. चारही चाकांवर चालणाऱ्या गाडीचं तर याहून जास्त नुकसान होतं. चारही चाकं वर राहतील असा, दोन अ‍ॅक्सलचा आणि स्वतःचे ब्रेक असलेला ट्रेलर मागा. ज्याचा डेकच (गाडी उभी राहते तो पाट) मागे कलतो असा ट्रेलर मिळाला तर विचार न करता तोच घ्या, चढवण्याचं निम्मं काम तिथेच हलकं होतं.

वजनाचा हिशेब कागदावर करा. गाडी १,५०० किलो, ट्रेलर ८०० किलो, सुटे टायर आणि अवजारं १०० किलो, म्हणजे ओढायचे २,४०० किलो झाले. ओढणाऱ्या गाडीची क्षमता, हिचची (तिच्या मागचा जोड) क्षमता, हिचवरच्या गोल बॉलची ओढायची क्षमता आणि ट्रेलरच्या पाटीवरचा एकूण वजनाचा आकडा यांतला सर्वांत लहान आकडा तुमची खरी मर्यादा. ट्रेलरचा पुढचा दांडा बॉलवर टेकतो, त्याचं वजन ओढणाऱ्या गाडीच्या अंगावर पडतं, त्यामुळे तिच्यात बसणारी माणसं आणि सामान याच हिशेबात धरा.

भाड्याने देणाऱ्याला गाडीची रुंदी आणि टायरच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर सांगा. ट्रेलरच्या चाकांवरचे मडगार्ड उंच असले तर बुटक्या गाडीचं दार उघडतच नाही आणि चालक आत अडकतो. मडगार्ड काढता येतात का, ट्रेलरवर विंच (तारेने गाडी वर ओढणारं यंत्र) आहे का, हे आधीच विचारा. विम्याचंही तिथेच विचारून घ्या: अनेकदा विमा फक्त ट्रेलरचा असतो, वरच्या गाडीचा नाही.

ताब्यात घेताना

कपलरवर (दांड्याच्या टोकाची, बॉलवर बसणारी खोळ) कोरलेलं माप आणि बॉलचं माप जुळतंय का ते वाचून बघा. मोठा कपलर लहान बॉलवर बसतो, कुलूपही लागल्यासारखं दिसतं आणि पहिल्या मोठ्या खड्ड्यात तो निसटतो. जोडल्यावर दांड्याचा जॅक थोडा फिरवून वर उचला. ओढणाऱ्या गाडीची मागची बाजू सोबत वर आली तर कपलर पकडून आहे. साखळ्या दांड्याखाली एकमेकींना ओलांडून अडकवा, म्हणजे दांडा सुटलाच तर रस्त्यावर न घुसता त्यांच्या झोळीत पडेल. ट्रेलर सुटल्यावर त्याचे ब्रेक लावणारी तार साखळीला किंवा बॉलच्या पट्टीला नको, थेट गाडीच्या पक्क्या भागाला जोडा.

टायरच्या बाजूवर चार आकड्यांचा शिक्का असतो. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी टायर सहा वर्षांपुढचा असेल तर बदलून मागा. ट्रेलरचे टायर झिजण्याआधी वयाने फाटतात. हवा टायरवर किंवा ट्रेलरच्या पाटीवर दिली आहे तितकी, टायर गार असताना भरा. कमी हवेचा टायर कडेने वाकत राहतो, तापतो आणि फुटतो. ब्रेक विजेचे असतील तर ओढणाऱ्या गाडीत कंट्रोलर लागतो, तो नसेल तर ट्रेलरला ब्रेक नाहीत असंच धरा.

चढवणं: इथेच बंपर फुटतात

डेक ६० सेंमी उंच आणि रॅम्प दीड मीटरचा असेल तर चढ साधारण २३ अंशांचा होतो. आता गाडी बघा. पुढचा बंपर जमिनीपासून १२ सेंमीवर आणि टायर टेकतो तिथून ८० सेंमी पुढे असेल तर तिला जेमतेम साडेआठ अंशांचा चढ झेपतो. पोटाचंही तसंच: चाकांमधलं अंतर अडीच मीटर आणि पोट १० सेंमी वर असेल तर रॅम्प संपून डेक सुरू होतो त्या कंगोऱ्यावर ९ अंशांपुढे पोट टेकतं. हे आकडे आपल्या गाडीसाठी टेपने मोजून काढा.

यावर उपाय तीन आहेत आणि ते एकत्र करायचे. रॅम्प किमान अडीच मीटरचे घ्या. ओढणाऱ्या गाडीची मागची चाकं पक्क्या चढत्या ठोकळ्यांवर घेऊन दांडा वर करा. तिच्या चाकांमधलं अंतर ३ मीटर आणि बॉल मागच्या चाकांच्या सव्वा मीटर मागे असेल तर चाकं १८ सेंमी उचलली की बॉल सुमारे २५ सेंमी वर येतो. त्याने डेक मागे ४ अंश कलतो आणि मागची कड ४६ सेंमीच्या आसपास येते. तिसरं, रॅम्पचा पाय जमिनीवर न ठेवता ५ सेंमी जाडीच्या एकावर एक दोन फळ्यांवर ठेवा. खालची फळी गाडीच्या बाजूला वरचीपेक्षा ४० सेंमी पुढे, आणि वरची रॅम्पच्या पायाआधी सव्वा मीटर तरी पसरलेली हवी. आता चढ सुमारे ८ अंशांवर येतो आणि कंगोऱ्यावरचा कोन ४ च्या थोडा पुढे. गाडी दोन छोट्या पायऱ्या चढून मग रॅम्पला लागते, बंपर खरचटत नाही.

सर्वांत धोक्याचा क्षण तेव्हा येतो जेव्हा गाडीची पुढची चाकं डेकच्या मागच्या कडेवर असतात. ते वजन ट्रेलरची मागची बाजू दाबतं, दांडा वर उचलतो आणि ओढणाऱ्या गाडीची मागची चाकं हलकी होतात. हँडब्रेक त्याच चाकांवर असतो. पकड सुटली की सगळी वरात पुढे घरंगळते. म्हणून ट्रेलर जोडलेला असल्याशिवाय काहीही चढवू नका, ओढणाऱ्या गाडीच्या पुढच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे लावा आणि ट्रेलरच्या मागच्या दोन्ही कोपऱ्यांखाली लाकडाचे आधार टेकवा. निघण्याआधी ते काढायला विसरू नका.

विंच असेल तर इंजिन चालवू नका. ओढायचा हुक गाडीच्या अवजारांच्या पिशवीत असतो. बऱ्याच गाड्यांत त्याला उलटे आटे असतात, त्यामुळे बसत नाही म्हणून जोर लावण्याआधी डावीकडे फिरवून बघा. तार ताणलेली असताना तिच्या रेषेत कुणीही उभं राहू नये. इलेक्ट्रिक हँडब्रेक किंवा ऑटोमॅटिक गिअर असलेली गाडी बॅटरी बसल्यावर सहसा मोकळी होत नाही, म्हणून बसलेल्या बॅटरीला जोर देणारा बूस्टर सोबत ठेवा.

गाडी डेकवर नेमकी कुठे

दांड्यावर एकूण ट्रेलरच्या १० ते १५ टक्के वजन यावं हा सर्वसाधारण नियम. बॉलवर खाली पडणाऱ्या वजनाची मर्यादा त्याहून कमी असेल तर तीच पाळा. वजन मागे गेलं की ट्रेलर डोलायला लागतो. गाडीचं इंजिन मागे असेल तर जवळपास ६० टक्के वजन मागच्या चाकांवर असतं, त्यामुळे ती तोंड पुढे करून उभी केली आणि डेकवर पुढे जायला जागा उरली नाही तर दांडा हलकाच राहतो. अशा वेळी ती उलटी चढवा.

अंतर किती फरक पाडतं ते बघा: बॉलपासून अ‍ॅक्सलच्या मध्यापर्यंत साडेतीन मीटर असतील तर १,५०० किलोची गाडी फक्त १० सेंमी पुढे घेतल्यावर दांड्यावर सुमारे ४३ किलो वाढतात. वजनकाट्यावर दोनदा मोजा. एकदा ट्रेलर सोडून पूर्ण, एकदा जोडलेला असताना फक्त त्याची चाकं काट्यावर. दोन्हींतला फरक म्हणजे दांड्याचं वजन. ते जमलं की डेकवर टायरच्या जागी खडूची रेघ मारून ठेवा, पुन्हा चढवताना शोधाशोध नको.

बांधणं

चारही टायरवरून जाणारे, रबरी गोट्यांचे रॅचेट पट्टे (खटक्याने आवळायचे) वापरा, ५० मिमी रुंद. टायर डेकला धरून राहतात आणि गाडीची स्प्रिंग मोकळी हलत राहते. चॅसीला किंवा सस्पेन्शनच्या हातांना हूक लावले तर खड्ड्यात स्प्रिंग दबते, पट्टा सैल होतो आणि हूक गळून पडतो. स्टेअरिंगचा दांडा, अँटी-रोल बार, ब्रेकची नळी यांना तर हातही लावू नका. पुढच्या चाकांचे पट्टे पुढे ओढणारे आणि मागच्यांचे मागे ओढणारे हवेत. रॅचेटच्या आसावर निदान दोन वेढे बसू द्या आणि उरलेलं टोक गाठ मारून पक्कं करा. वाऱ्यात फडफडणारं टोक रंग घासतं. आधी हँडब्रेक ओढा, मग गिअरमध्ये किंवा, ऑटोमॅटिक असेल तर, पीवर टाका. उलट क्रमाने केलं तर सगळा भार गिअरबॉक्समधल्या छोट्याशा खुंटीवर राहतो.

उघड्या ट्रेलरवर गाडीला कापडी कव्हर घालू नका. धूळ आत शिरते आणि कापड तासन्‌तास रंगावर सँडपेपरसारखं चालतं. उलटी चढवलेली असेल तर झाकणांच्या फटी आणि कापडी छताच्या कडा वाऱ्याच्या तोंडावर येतात, त्या रंगकामाच्या टेपने बंद करा. अलार्मचा कलण्याचा सेन्सर बंद करा, नाहीतर तो वाटभर वाजेल आणि बॅटरी बसेल.

रस्त्यावर

१५-२० किमीवर थांबून पट्टे पुन्हा आवळा. टायर डेकवर बसतात तसे ते हमखास सैल होतात. चाकांचे नट ८० ते १०० किमीनंतर टॉर्क पान्याने (ठरावीक जोरानेच आवळणारा पाना) तपासा. प्रत्येक थांब्यावर हात हबच्या (चाकाचा मधला भाग) जवळ न्या. एक हब बाकीच्यांपेक्षा जास्त तापला असेल तर बेअरिंग जातंय किंवा ब्रेक अडकलाय. तसाच पुढे जाऊ नका.

ट्रेलरच्या टायरची आणि भाडेकराराची वेगमर्यादा बघून, त्या दोन्हींच्या आत, शक्यतो ८० ते ९० किमीच्या दरम्यान चाला. उतारावर ब्रेकवर पाय ठेवून न राहता गिअर आधीच खाली घ्या. ट्रेलर डोलायला लागला तर ओढणाऱ्या गाडीचे ब्रेक दाबू नका आणि स्टेअरिंगने त्याचा पाठलागही करू नका. अ‍ॅक्सिलरेटर सोडा, स्टेअरिंग सरळ धरा. विजेचे ब्रेक असतील तर कंट्रोलरवरून फक्त ट्रेलरचे ब्रेक हळूच लावा. डोलणं थांबल्यावर सुरक्षित जागी उभे राहा आणि आधी दांड्याचं वजन तपासा. वेग कमी करून डोलणं दबतं, पण वजन चुकीच्या जागी असेल तर पुढच्या उतारावर ते परत येतं.