जुन्या बेसबॉलपटूंकडून टपालाने सही मागवताय? या चुका टाळा

अमेरिकेत बेसबॉल कार्डावर, म्हणजे खेळाडूचं चित्र छापलेल्या छोट्या संग्राह्य कार्डावर, सही मिळवायचे मार्ग बरेच आहेत. कार्ड शोमध्ये पैसे भरून रांगेत उभं राहता येतं, लिलावात बोली लावता येते. पण निवृत्त खेळाडूला पत्र लिहून, सोबत त्याचं कार्ड आणि परतीचं पाकीट ठेवून सही मागवणं हा त्यातला सगळ्यात स्वस्त आणि माझ्या मते सगळ्यात माणुसकीचा मार्ग. छंदातली मंडळी याला ‘टीटीएम’ म्हणतात, म्हणजे ‘थ्रू द मेल’. ब्रुकलिन डॉजर्स संघाचे पिचर (चेंडू टाकणारे) कार्ल अर्स्किन यांनी १९५३च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे हंगामाच्या अंतिम मालिकेत, एकाच सामन्यात १४ स्ट्राइकआउट घेतले होते, म्हणजे चौदा वेळा फलंदाजाला तीन स्ट्राइकवर बाद केलं होतं. यँकीज संघाचा नावाजलेला फलंदाज मिकी मँटल त्यांच्यासमोर चारदा असाच बाद झाला. हे अर्स्किन इंडियानातल्या अँडरसन या आपल्या गावी राहून उतारवयातही चाहत्यांच्या पत्रांना उत्तरं देत असत.

उत्तर का आलं नाही, कार्ड वाकून का आलं, सही फिसकटली कशी, हे प्रश्न नवीन माणूस हमखास विचारतो. खेळाडू तुसडा निघाला, असं क्वचित होतं. बहुतेक वेळा गोम आपल्याच पाकिटात असते. पलीकडचा माणूस सत्तरी-ऐंशीतला असतो, बोटं आखडलेली असतात आणि टेबलावर अशाच पत्रांची चळत असते. आपलं पाकीट उघडून, सही करून, बंद करून पेटीत टाकायला त्याला एक मिनिट पुरलं पाहिजे. पुढच्या बहुतेक चुका हे न सुचल्यामुळे होतात.

माणूस हयात आहे का?

लिहायलाही बरं वाटत नाही, पण ही चूक सर्रास होते. जुन्या यादीतून पत्ता उचलायचा आणि पत्र धाडायचं. ब्रूक्स रॉबिन्सन सप्टेंबर २०२३मध्ये गेले, अर्स्किन एप्रिल २०२४मध्ये, विली मेज त्याच वर्षी जूनमध्ये. पन्नास-साठच्या दशकांतली पिढी आता झपाट्याने संपत चालली आहे. ‘तुमची तब्येत उत्तम असेल अशी आशा आहे’ असं लिहिलेलं पत्र त्यांच्या पत्नीच्या हातात पडलं तर काय वाटेल? बेसबॉल-रेफरन्स या संकेतस्थळावर प्रत्येक खेळाडूच्या पानावर जन्म-मृत्यूच्या तारखा असतात. यादी करताना पाहिलं होतं, एवढ्यावर थांबू नका. पाकीट पेटीत टाकायच्या दिवशी ते पान पुन्हा उघडा.

पत्त्याचंही तसंच. निवृत्त खेळाडूला जुन्या संघाच्या स्टेडियमवर पत्र पाठवून उपयोग नसतो. तो तिथे कोच किंवा समालोचक असेल तरच पाठवा. घर बदललं असेल तर अमेरिकी टपाल खातं पहिल्या वर्गाचं पत्र १२ महिने नव्या पत्त्यावर वळवतं. त्यानंतरचे सहा महिने ते पत्र तुमच्याकडे परत येतं आणि वरच्या पिवळ्या स्टिकरवर नवा पत्ता छापलेला असतो. अशी परत आलेली पाकिटं लोक वैतागून फेकून देतात. आधी स्टिकर वाचा. आणि हे सगळं व्हायला बाहेरच्या पाकिटावर तुमचा पत्ता हवा. तो नसेल तर न पोचलेलं पाकीट अटलांटातल्या टपाल खात्याच्या केंद्रात जातं, आणि तुमच्या कार्डाचा विषय तिथे संपतो.

हा पत्ता पत्र पाठवण्यापुरताच आहे. दारात जाऊन उभं राहणं किंवा फोन नंबर शोधून काढणं अजिबात नको. रजिस्टर्ड किंवा सर्टिफाइड टपालही नको. त्यासाठी त्या वृद्ध माणसाला पोचपावतीवर सही द्यावी लागते, घरी नसला तर पोस्टापर्यंत खेटा पडतो.

परतीचं पाकीट

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, म्हणून जरा सावकाश सांगतो. बाहेरचं पाकीट १० नंबरचं घ्या, ते साडेनऊ इंच लांब असतं. आतलं परतीचं पाकीट ९ नंबरचं घ्या. ते त्यात घडी न घालता बसतं. दोन्ही १० नंबरची घेतली की आतलं दुमडावं लागतं, त्या घडीवर कार्ड येतं आणि परतताना नेमकं तिथेच मोडतं. परतीच्या पाकिटावर ‘कडून’ आणि ‘प्रति’ या दोन्ही जागी तुमचाच पत्ता लिहा. एका कोपऱ्यात बारीक अक्षरात खेळाडूचं नाव लिहून ठेवा, कारण आठ महिन्यांनी आलेल्या कार्डाशिवायच्या पाकिटात नुसती एक न वाचता येणारी चिठ्ठी असेल तर ती कुणाची ते त्यावरूनच कळेल.

तिकीट ‘फॉरेव्हर’च लावा. जुलै २०२५मध्ये त्याचा दर ७३ सेंटवरून ७८ सेंट झाला, पण आधी घेतलेलं फॉरेव्हर तिकीटही चालतं. आकडा छापलेली तिकिटं लावली आणि उत्तर दोन वर्षांनी आलं, तर मधल्या दरवाढीमुळे ती कमी पडतात. वजनाची काळजी करू नका. दोन पाकिटं, पत्राचा एक कागद आणि दोन कार्डं मिळून एका औंसाच्या, म्हणजे २८ ग्रॅमच्या, आतच राहतात.

आता टॉपलोडर. कार्डाच्या काळजीपोटी लोक ते टॉपलोडरमध्ये, म्हणजे कडक प्लास्टिकच्या खोळीत, घालून पाठवतात. टपालाच्या छाननी यंत्रात पत्रं रोलरमधून वळत जातात. न वाकणारं पाकीट तिथे अडकतं, फाटतं किंवा त्यावर जादा आकार लागतो. पाव इंचापेक्षा जाड पाकीट तर पत्र म्हणून धरलंच जात नाही. जाड पुठ्ठा आणि सोबत मार्कर घालण्यालाही हेच लागू. सही करणाऱ्याकडे पेन असतं. कार्ड पत्राच्या घडीत नीट ठेवा, तेवढं संरक्षण पुरतं. पातळ स्लीव्हही (मऊ प्लास्टिकची खोळ) मी टाळायला सांगेन: आखडलेल्या बोटांनी त्यातून कार्ड काढणं आणि परत सरकवणं हे कष्टाचं काम आहे. आणि चिकटपट्टी कशालाही लावू नका.

कोणतं कार्ड पाठवावं

हरवलं तर झोप उडेल असं कार्ड टपालात टाकायचं नाही. सत्तरच्या दशकातलं साधं कार्ड किंवा टॉप्स या कंपनीचं १९८७चं लाकडी किनारीचं कार्ड उत्तम. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी कार्डं इतकी अमाप छापली गेली की ती आजही किरकोळ पैशांत मिळतात.

पण स्वस्त म्हणून कोणतंही कार्ड चालत नाही. टॉप्सच्या १९७१, १९७५, १९८० आणि १९८२च्या कार्डांवर खेळाडूची सही आधीच छापलेली असते. खरी सही तिच्यावर पडली की दोन्हींचा गिचमीड होतो. १९७१च्या कार्डाची किनार काळी, तिथे निळी शाई दिसतही नाही. चित्रात आकाश, पांढरा गणवेश किंवा फिकट रंगाची मोकळी जागा असलेलं कार्ड निवडा.

चकचकीत कार्डं हा वेगळाच त्रास आहे. १९८९चं अपर डेक किंवा १९९१चं स्टेडियम क्लब अशा मालिकेतलं कार्ड घेतलं की गुळगुळीत थरावर शाई धरत नाही. तिचे थेंब होतात आणि अंगठा लागताच पसरते. यावर उपाय आहे. पेन्सिलचा साधा पांढरा खोडरबर घ्या, सही जिथे यावी असं वाटतं तेवढ्याच भागावर हलक्या हाताने फिरवा आणि मऊ कापडाने पुसा. कार्ड उजेडाकडे तिरकं धरलं की तो भाग किंचित मंद दिसतो. तेवढं पुरे, जास्त घासलं तर छपाई उडेल. काहीजण बेबी पावडर चोळतात. कार्डापुरता तो उपाय ठीक आहे, पण २००१मध्ये अमेरिकेत टपालातून अँथ्रॅक्सची घातक भुकटी पाठवली गेली, त्यानंतर अनोळखी पाकिटातून पांढरी भुकटी पडली तर घरच्यांची पाचावर धारण बसेल. म्हणून मी खोडरबरच सुचवतो. कमी चमक असलेलं टॉप्सच्या हेरिटेज मालिकेतलं कार्ड घेतलं तर हा खटाटोपच वाचतो.

शाई निळी बरी. काळी कार्डावरच्या गडद रंगांत हरवते. निळ्या शार्पी मार्करने सही केल्यास आनंद होईल, असं पत्रात एका ओळीत लिहायला हरकत नाही. त्याहून जास्त सूचना नकोत.

किती कार्डं? दोन, फार तर. सहा-सात एकाच खेळाडूची पाठवली की तुम्ही विक्रेते वाटता, आणि बऱ्याचदा एकावर सही करून बाकी तशीच परत येतात. नावासकट सही मागितलीत, म्हणजे ‘अमक्यास’ असं लिहून, तर तुम्ही विकणार नाही हे उघड होतं. एखादं जादा कार्ड ‘हे तुम्हाला ठेवायला’ म्हणून जरूर घाला. अनेक जुन्या खेळाडूंकडे स्वतःचीच कार्डं उरलेली नसतात, नातवंडांना द्यायला ती उपयोगी पडतात.

पत्र कसं असावं

छापील, नाव बदलून सगळ्यांना पाठवलेलं पत्र पहिल्या ओळीतच ओळखू येतं. ‘तुम्ही माझे लहानपणापासूनचे सर्वात आवडते खेळाडू’ हे १९६२मध्ये निवृत्त झालेल्या माणसाला चाळिशीतल्या तुम्ही लिहिलंत, तर त्याला हिशोब येतो. आपल्यापैकी बहुतेकांनी त्यांना खेळताना पाहिलेलं नाही, मग तसंच लिहा. मी भारतातून आलो, क्रिकेट बघत वाढलो, मुलीच्या सॉफ्टबॉलमुळे हा खेळ कळायला लागला, अशी खरी ओळख कोणत्याही स्तुतीपेक्षा जास्त भावते.

त्यापुढे एक नेमकी गोष्ट हवी. रेट्रोशीट ही संस्था १९८९पासून जुन्या सामन्यांचे तपशील गोळा करते आहे आणि ते कुणालाही फुकट पाहता येतात. समजा खेळाडू फक्त ३० सामने खेळला. त्याची पहिली हिट कोणत्या मैदानावर, कोणत्या पिचरविरुद्ध, कितव्या इनिंगमध्ये होती, हे दहा मिनिटांत सापडतं. त्याबद्दल एकच प्रश्न विचारा आणि उत्तर लिहायला कागदाखाली दोन इंच जागा सोडा. उत्तर तिथेच, त्यांच्या हस्ताक्षरात येतं, आणि मला तर ती ओळ सहीपेक्षाही मोलाची वाटते. दहा प्रश्नांची प्रश्नपत्रिका मात्र पाठवू नका. पत्र हाताने लिहा, एक पान, अक्षर मोठं.

पैसे मागितले तर

काही खेळाडू सहीमागे पाच-दहा डॉलर घेतात, काही ते धर्मादाय संस्थेला देतात. पैसे मागितले की नाकं मुरडणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी जरा इतिहास पाहावा. १९६७पर्यंत मोठ्या लीगमध्ये किमान वार्षिक पगार ६,००० डॉलर होता. १९६८पासून तो १०,००० झाला. हिवाळ्यात ही माणसं दुकानांत, गोदामांत नोकऱ्या करत. १९४७ ते १९७९ या काळात खेळलेल्या आणि चार वर्षांपेक्षा कमी सेवा झालेल्या खेळाडूंना पूर्ण पेन्शन मिळतच नाही. २०११मध्ये त्यांच्यासाठी दर ४३ दिवसांच्या सेवेमागे वर्षाला ६२५ डॉलर, जास्तीत जास्त १०,००० असा तोडगा निघाला. २०२२मध्ये त्यात थोडी वाढ झाली. अशा माणसाने दहा डॉलर मागितले तर आनंदाने द्या. रक्कम आधी चौकशी करून ठरवा आणि चेक पाठवा, म्हणजे नोंद राहते.

उत्तर येत नाही

दोन आठवड्यांतही येतं, दोन वर्षांनीही येतं. बरेच वृद्ध खेळाडू हिवाळा फ्लोरिडा किंवा ॲरिझोनात काढतात, तेव्हा उत्तरेकडच्या घरी पत्रं साचत राहतात. आठवण करून देणारं दुसरं पत्र लगेच पाठवू नका, ते चळत वाढवतं. कधी पाठवलं, कोणतं कार्ड, कधी आलं, एवढी नोंद वहीत ठेवा आणि निदान वर्षभर थांबा. कार्ड सहीविना परत आलं तर तोही एक निर्णयच आहे, पुन्हा विचारायचं नाही.

सही खरी आहे का?

नव्वदच्या दशकात एफबीआयच्या ‘ऑपरेशन बुलपेन’मध्ये बनावट सह्यांची मोठी टोळी सापडली. त्यांच्या मालात मदर तेरेसांची ‘सही’ असलेला बेसबॉलसुद्धा होता. टपालाने थेट घरून आलेल्या सहीबाबत एवढी भीती नसते, पण घरातलं दुसरं कुणी सही करतं असं घडतं, काही जण शिक्का किंवा सही करणारं यंत्र वापरतात. दोन कार्डं पाठवली असतील तर दोन्ही सह्यांचे फोटो एकाच मापात काढून एकमेकांवर ठेवा. रेषा तंतोतंत जुळल्या तर ते यंत्र किंवा शिक्का. माणूस दोनदा हुबेहूब सही करत नाही. शिक्क्यात शाई सगळीकडे एकसारखी असते, रेषा एकमेकींना छेदतात तिथेही ती गडद होत नाही. तुलना मात्र त्याच वयातल्या सहीशी करा. १९७०ची सही आणि ८५व्या वर्षीची सही वेगळी दिसणारच. जुन्या पिढीतले खेळाडू हार्मन किलब्रू तरुण खेळाडूंना नाव वाचता येईल अशी सही करायला आवर्जून सांगत. त्या पिढीच्या सह्या बहुतेक स्वच्छ असतात.

आलेलं कार्ड शाई वाळू देऊन मग स्लीव्ह आणि टॉपलोडरमध्ये घाला, आणि उन्हात मांडू नका, शार्पीची शाई विटते.

भारतातून पाठवायचं असेल तर

परतीच्या पाकिटाला भारतीय तिकीट लावून चालत नाही, अमेरिकेतून निघणाऱ्या टपालाला अमेरिकी तिकीटच लागतं. परदेशातून परतीच्या तिकिटासाठी पाठवायची आंतरराष्ट्रीय जबाबी कुपनं अमेरिकेच्या टपाल खात्याने २०१३मध्ये विकणं बंद केलं. ती तिथे पाठवली तरी बदलून घ्यायला खेळाडूलाच पोस्टात जावं लागेल. त्यापेक्षा एडिसन, शिकागो, डॅलस, जिथे कुणी नात्यातलं असेल त्यांना विचारून त्यांचा पत्ता परतीच्या पाकिटावर घाला आणि पत्र हाताने लिहून त्यांच्याकडेच पाठवा; फॉरेव्हर तिकिटं ते लावतील. कार्डं साठली की पुढच्या फेरीला येणाऱ्याला ती टॉपलोडरमध्ये घालून हँडबॅगेतून आणायला सांगा, चेक-इनच्या बॅगेत टाकायला नको.