रीबूट झालेल्या सुपरहिरो कार्टूनची मूळ मालिकेशी तुलना कशी करावी: ‘टीन टायटन्स’ आणि ‘टीन टायटन्स गो!’

लहानपणी पाहिलेल्या कार्टूनची नवी आवृत्ती आली की तिच्याविषयीची चर्चा बहुधा पहिल्या पाच मिनिटांतच संपते, कारण जुने थोर आणि नवे पोरकट हा निकाल आधीच ठरलेला असतो. अशा निकालातून ना जुन्या मालिकेविषयी काही कळते, ना नव्या. ही तुलना पद्धतशीरपणे कशी करता येईल हे दाखवण्यासाठी येथे किशोरवयीन सुपरहिरोंच्या एका गटावरील ‘टीन टायटन्स’ आणि ‘टीन टायटन्स गो!’ ही जोडी घेतली आहे. दोन्हींमध्ये रॉबिन, स्टारफायर, रेव्हन, सायबॉर्ग आणि बीस्ट बॉय हीच पाच मुख्य पात्रे आहेत आणि त्यांना आवाज देणारे पाचही कलाकार तेच आहेत. बाकी जवळजवळ सगळे बदललेले आहे. त्यामुळे नेमके काय बदलले हे वेगळे काढणे येथे इतर जोड्यांपेक्षा सोपे जाते.

सर्वप्रथम दोन मालिकांचे नाते काय आहे ते निश्चित करावे. ‘टीन टायटन्स’ १९ जुलै २००३ रोजी कार्टून नेटवर्कवर सुरू झाली आणि पाच पर्वे, ६५ भाग पूर्ण करून जानेवारी २००६ मध्ये संपली. त्याच वर्षी ‘ट्रबल इन टोकियो’ हा तिचा चित्रपट आला. ग्लेन मुराकामी हे तिचे प्रमुख निर्माते. ‘टीन टायटन्स गो!’ एप्रिल २०१३ मध्ये मायकेल जेलेनिक आणि एरन हॉर्व्हाथ यांनी आणली. ती जुन्या कथेचे सहावे पर्व नाही आणि तीच कथा पहिल्यापासून सांगण्याचा प्रयत्नही नाही. या दोन टोकांच्या मधला एक दुवा बहुतेक टीकाकार विसरतात. २०१२ पासून वाहिनीवर ‘डीसी नेशन’ या कार्यक्रमात अगदी छोट्या चित्रफिती दाखवल्या जात, आणि त्यांत ‘न्यू टीन टायटन्स’ नावाच्या विनोदी फिती होत्या. पात्रे बुटकी, डोकी मोठी, आवाज जुनेच. नव्या मालिकेचे बीज त्या फितींत आहे. हे लक्षात घेतले की आपण एका साहसकथेची दुसऱ्या साहसकथेशी तुलना करत नसून, साहसकथेची तिच्यातूनच फुटलेल्या प्रहसनाशी तुलना करत आहोत, हे स्पष्ट होते.

त्यानंतर आणखी एक पिढी मागे जावे. जिला आपण ‘मूळ’ म्हणतो ती मालिकाही कोणाची तरी नवी आवृत्ती असते. टीन टायटन्स हा गट डीसी कॉमिक्समध्ये १९६४ साली आला. रेव्हन, स्टारफायर आणि सायबॉर्ग ही पात्रे मात्र मार्व्ह वुल्फमन आणि जॉर्ज पेरेझ यांनी १९८० मध्ये निर्माण केली, आणि २००३ च्या मालिकेने आपला बराचसा मालमसाला याच जोडीच्या कथांतून उचलला. १९८४ मधील त्यांच्या गाजलेल्या कथेत टेरा ही गटात शिरलेली हेर निघते, आणि तिला पश्चात्ताप होत नाही. २००३ च्या मालिकेच्या दुसऱ्या पर्वात मात्र टेरा ही आपल्या शक्तीवर ताबा नसलेली, भेदरलेली, दोन्हीकडून ओढली गेलेली मुलगी आहे आणि अखेरीस ती शहर वाचवण्यासाठी स्वतःचा बळी देते. खलनायक डेथस्ट्रोक याचेही केवळ ‘स्लेड’ हे नाव ठेवले गेले. म्हणजे मुलांसाठी मवाळ करणे, सोपे करणे, मूळ लेखकाचा हेतू उलटा फिरवणे, हे सारे ‘जुन्या’ मालिकेनेही केलेले आहे. नव्या मालिकेवर ‘मूळाशी बेइमानी’ हा आरोप ठेवण्यापूर्वी ही नोंद समोर असावी. ती असली की आरोप बहुधा अधिक नेमक्या शब्दांत मांडावा लागतो.

आता भागांची निवड. जुनी मालिका संपूर्ण पाहणे शक्य आहे: सुमारे २२ मिनिटांचे ६५ भाग म्हणजे साधारण चोवीस तासांचे पाहणे. नव्या मालिकेचे भाग ११ मिनिटांच्या आसपासचे असले तरी त्यांनी ३०० चा टप्पा केव्हाच ओलांडला आहे, त्यामुळे तेथे निवड अटळ आहे. केवळ पहिल्या पर्वावरून मत बनवू नये, आणि समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या तुकड्यांवरून तर मुळीच नाही. पहिल्या, मधल्या आणि अलीकडच्या पर्वांतून काही भाग घ्यावेत, आणि त्यांतही नावडते म्हणून प्रसिद्ध असलेले एक-दोन मुद्दाम घ्यावेत. ज्यात सायबॉर्ग आणि बीस्ट बॉय जवळजवळ सबंध वेळ एकच शब्द बोलतात तो ‘वॉफल्स’ हा भाग त्यासाठी चांगला आहे. तो सहन होतो की नाही यावरून प्रेक्षकाला स्वतःविषयीही थोडे कळते.

जुन्या मालिकेतील भाग निवडताना एक पथ्य पाळावे. आठवणीत राहतात ते स्लेड, टेरा आणि रेव्हनचा राक्षसी पिता ट्रायगॉन यांचे गंभीर भाग, परंतु जुन्या मालिकेत निखळ चेष्टेचे भागही पुष्कळ होते. जपानी जोडी पफी अमियुमी हिने गायलेले शीर्षकगीत इंग्रजीत लागले तर भाग सहसा गंभीर, आणि जपानीत लागले तर भाग सहसा विनोदी, अशी त्या मालिकेची खूणच होती. नव्या मालिकेच्या भागांशेजारी आधी हे विनोदी भाग ठेवावेत. शोकांतिकेशेजारी प्रहसन ठेवून ‘यात गांभीर्य नाही’ असे म्हणणे सोपे आहे, पण त्यातून मिळणारी माहिती शून्य आहे. मॅड मॉड किंवा मदर मे-आय या गमतीदार खलनायकांच्या भागांशेजारी ‘गो!’चा भाग ठेवल्यावर मात्र खरा प्रश्न उभा राहतो, तो असा की त्याच लेखनप्रकारात कोणाचा विनोद अधिक चांगला बांधलेला आहे.

एकाच कल्पनेवर दोन्ही मालिकांनी केलेले भाग सापडले तर ते सर्वांत मोलाचे असतात. अशी एक उत्तम जोडी म्हणजे जुन्या पहिल्या पर्वातील ‘नेव्हरमोअर’ आणि नव्या पहिल्या पर्वातील ‘कलर्स ऑफ रेव्हन’. दोन्हींत रेव्हनच्या भावना वेगवेगळ्या रंगांचे झगे घातलेल्या वेगवेगळ्या रेव्हन होऊन समोर येतात. जुन्या भागात सायबॉर्ग आणि बीस्ट बॉय एका आरशातून चुकून तिच्या मनात शिरतात; तेथील आनंदी, धीट आणि भित्र्या रेव्हनना भेटता भेटता तिच्या संतापाचे रूप म्हणजे तिचा पिता ट्रायगॉन समोर उभा ठाकतो, आणि साऱ्या रेव्हन एक झाल्यावरच तो आवरतो. नव्या भागात एका स्फटिकामुळे तिच्या भावना बाहेर पडून मोकाट सुटतात आणि टायटन्सना त्या पकडून आणाव्या लागतात. हे दोन भाग पाठोपाठ पाहावेत आणि दोन्हींना तेच प्रश्न विचारावेत. कथा कोणाच्या नजरेतून सांगितली आहे? भागाच्या सुरुवातीला ठाऊक नसलेले असे काय शेवटी आपल्याला रेव्हनविषयी कळते? तिच्या मित्रांच्या वागण्यात काही फरक पडतो का? जुन्या भागात पडतो: बीस्ट बॉयला तिच्या तुसडेपणामागचे कारण कळते, आणि ते ज्ञान चौथ्या पर्वातील ट्रायगॉनच्या दीर्घ कथेपर्यंत टिकते. नव्या भागात तसे काही टिकत नाही, कारण टिकू नये हाच त्या मालिकेचा नियम आहे. तेथे पात्रे एखाद्या भागाच्या शेवटी चक्क मरतात आणि पुढच्या भागात सोफ्यावर बसून खात असतात. म्हणून नव्या भागाला चौथा प्रश्नही विचारावा: परिणाम टिकणार नाहीत हे ठाऊक असल्याचा फायदा लेखकांनी काय घेतला? येथे उत्तर असे की प्रत्येक रंगाच्या रेव्हनला गमतीसाठी मोकळे रान मिळाले. विनोद म्हणून ते चालते, परंतु हीच कल्पना जुन्या मालिकेने हास्य आणि भय दोन्हींसाठी वापरली होती, त्यामुळे या जोडीत माझा कौल निःसंशय जुन्या भागाला आहे.

प्रत्येक पात्राच्या बाबतीत कौल तसाच लागत नाही, आणि म्हणून एखादे पात्र घेऊन त्याचा सलग माग काढावा. रॉबिन घ्या. जुन्या मालिकेत तो कर्तबगार पुढारी आहे, पण त्याच्यात एक खोट आहे: त्याला झपाटले जाण्याची सवय आहे. ‘मास्क्स’ या भागात तो स्लेडपर्यंत पोहोचण्यासाठी चोराचा वेष घेऊन स्वतःच्याच मित्रांना फसवतो, आणि तिसऱ्या पर्वातील ‘हॉन्टेड’मध्ये समोर नसलेल्या स्लेडशी लढत स्वतःला जखमी करून घेतो. नव्या मालिकेतील रॉबिन मान मिळावा म्हणून कासावीस झालेला, प्रत्येक गोष्टीचा आराखडा काढणारा, हुकूमत गाजवू पाहणारा आणि कोणी ऐकले नाही की आकांत करणारा हास्यास्पद प्राणी आहे. वरवर पाहता हे पात्राचे विडंबन वाटते. परंतु त्या दोन भागांनंतर लगेच नवा रॉबिन पाहिला की ध्यानात येते की लेखकांनी बाहेरून काही आणलेले नाही. जुन्या रॉबिनची खोट तेवढी उचलली, त्याचे कर्तृत्व वजा केले, आणि उरले ते विनोदाला जुंपले. स्कॉट मेनव्हिल यांचा तोच आवाज दोन्हीकडे असल्यामुळे हा धागा कानालाही जाणवतो. नक्कल आणि पुनर्निर्मिती यांतला भेद शोधायचा असेल तर तो अशा ठिकाणी शोधावा: नव्या लेखकांनी जुन्या पात्रातले जे उचलले ते पात्राच्या गाभ्यातले आहे की केवळ कपड्यांतले?

आवाजाचा मुद्दा निघालाच आहे तर एक सूचना. ज्यांनी यांपैकी एखादी मालिका हिंदी डबमध्ये पाहिली असेल त्यांनी तुलनेपुरते दोन्हींचे इंग्रजी ध्वनिमुद्रण ऐकावे, कारण आवाजांचे सातत्य डबमध्ये टिकेलच असे नाही, आणि या जोडीतले ते सर्वांत भक्कम साम्य आहे.

चित्रशैलीविषयी लिहिताना ‘स्वस्त’ आणि ‘आळशी’ ही विशेषणे बाजूला ठेवून, त्या रेषेने काय करता येते आणि काय येत नाही एवढेच पाहावे. जुन्या मालिकेचे ॲनिमेशन दक्षिण कोरियातील स्टुडिओंत होत असे आणि तिच्यावर जपानी ॲनिमेचा प्रभाव उघड होता: लढाईत सावल्या, कोनदार चेहरे, तिरकस चौकटी, आणि विनोदाच्या क्षणी तेच चेहरे एकाएकी वाटोळे, बुटके, घामाचा मोठा थेंब लोंबणारे. नव्या मालिकेची रेषा सपाट, बाह्यरेखा ठळक आणि रंग भडक आहेत. तिचे ॲनिमेशन बार्डेल आणि कोपर्निकस या कॅनडातील स्टुडिओंनी केले. म्हणजे जुन्या मालिकेत दोन सेकंदांपुरता येणारा वाटोळा, बुटका चेहरा नव्या मालिकेत कायमचा मुक्कामाला आला. याने विनोदाची गती वाढली, पण लढाईतले वजन गेले. आणि मुख्य म्हणजे जुन्या मालिकेत गंभीर चेहरा क्षणात बदलण्यातून जो हशा मिळत असे, तो कायम बदललेल्या चेहऱ्याला मिळू शकत नाही. हे निरीक्षण पडदा थांबवून, दोन चौकटी शेजारी ठेवून पडताळता येते. शीर्षकगीताचेही तसेच आहे: नव्या मालिकेत मिक्स मास्टर माइक या डीजेने जुन्याच सुरावटीचे तुकडे करून जोडले आहेत, शब्द मात्र गेले.

नवी मालिका स्वतः या तुलनेवर बोलते, आणि ते पुरावा म्हणून नव्हे तर तिची बाजू म्हणून नोंदवावे. ‘द रिटर्न ऑफ स्लेड’ या भागात स्लेडशी झालेली लढाई आपल्याला दाखवलीच जात नाही. त्याऐवजी बालपणी आवडलेला विदूषक आता बालिश वाटतो म्हणून सायबॉर्ग आणि बीस्ट बॉय कसे बिथरतात याची कथा येते. हा टोला कोणाला आहे हे सांगण्याची गरज नाही. ‘गो!’च्या २०१८ च्या चित्रपटात श्रेयनामावलीच्या मध्ये जुने टायटन्स क्षणभर झळकले, आणि २०१९ मध्ये तर दोन्ही गट समोरासमोर आणणारा स्वतंत्र चित्रपट निघाला. त्यात तेच कलाकार एकाच प्रसंगात दोन्ही रूपांना आवाज देतात, त्यामुळे अभिनयातला फरक ऐकण्यासाठी यासारखे साधन दुसरे नाही. तरीही टीकेची चेष्टा केली म्हणजे टीकेला उत्तर मिळाले असे होत नाही. विदूषकाचा भाग चतुर आहे, पण त्याने ‘कलर्स ऑफ रेव्हन’ सखोल होत नाही.

मालिकेविषयीचा राग आणि वाहिनीविषयीचा राग यांचीही फारकत करावी. ‘यंग जस्टिस’ ही गंभीर वळणाची सुपरहिरो मालिका कार्टून नेटवर्कवर मार्च २०१३ मध्ये बंद झाली आणि पुढच्याच महिन्यात ‘गो!’ सुरू झाली. पुढे अमेरिकेत वाहिनीच्या वेळापत्रकात ‘गो!’चे भाग तासन्‌तास लागू लागले. प्रेक्षकांची नाराजी समजण्यासारखी आहे, परंतु वेळापत्रक हा लेखनाचा दोष नव्हे, आणि तो तुमच्या लेखात यायचाच असेल तर स्वतंत्र परिच्छेदात यावा.

शेवटी निकाल लिहिताना तो मालिकेविषयी एका वाक्यात न देता पात्रांविषयी आणि भागांविषयी द्यावा, आणि कोणती पर्वे पाहिली तेही सांगावे. रॉबिनच्या बाबतीत नव्या मालिकेने जुन्या पात्राचे नवे वाचन केले आहे असे मी लिहीन. टेराच्या बाबतीत मात्र तसे लिहिता येणार नाही. ‘टेरा-आइज्ड’ या नव्या भागात तिचे कपट सर्वांना दिसते आणि बीस्ट बॉयला तेवढे दिसत नाही, हा एकच विनोद आहे. जुन्या मालिकेने तिच्यावर जवळजवळ एक पर्व खर्च केले, आणि ‘थिंग्ज चेंज’ या अखेरच्या भागात, शाळेत जाणारी ती मुलगी खरोखर टेरा आहे की नाही हे न सांगताच मालिका संपवली. त्या पात्रातले नव्या लेखकांना वापरता आले ते केवळ नाव आणि दगड उचलण्याची शक्ती.