शेजारची मांजरे आणि आपला मेथीचा वाफा

वाफा हाताने भुसभुशीत करून मेथी पेरावी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मधोमध खळगा, त्यावर नीट ओढलेली माती आणि आजूबाजूला उधळलेले बी दिसावे, हा अनुभव तळमजल्यावर परसबाग करणाऱ्यांच्या चांगलाच ओळखीचा आहे. विष्ठा पुरण्यासाठी मांजराला कोरडी, मऊ, सहज उकरता येणारी जमीन हवी असते आणि ताजा वाफा नेमका तसाच असतो. म्हणून मांजराच्या मागे धावण्यापेक्षा ती जमीन त्याच्या पंजांना नकोशी करावी.

पेरणी होताच वाफ्यावर कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती षटकोनी छिद्रांची जाळी सपाट अंथरावी, तिच्या कडा खाली वाकवून मातीत दाबाव्यात आणि कोपऱ्यांवर विटा ठेवाव्यात. कोंब छिद्रांतून वर येतात, मांजराला मात्र उकरता येत नाही. मेथी मुळासकट उपटायची असेल तर रोपे बोटभर होताच, पाने गुंतण्यापूर्वी, जाळी अलगद उचलावी. तोपर्यंत रोपांची दाटी झालेली असते आणि मांजराला बसायला जागा उरत नाही. जाळी नसेल तर तुरीच्या काड्या अर्ध्या वितीच्या अंतराने उभ्या खोचाव्यात, परंतु त्यांची टोके बोथट असावीत, कारण खुरपताना वाकणारे डोळे आपलेच असतात. कुंड्यांसाठी करवंट्यांचे मोठे तुकडे किंवा नदीतले गोटे पुरतात. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या सोडणाचा भुसा, भरलेल्या कुंड्या सर्वांत आधी झाकाव्यात, कारण वरून सुकलेले कोकोपीट मांजराला फारच सोयीचे पडते. मांजरांचा वावर तिन्हीसांजेला आणि पहाटे अधिक असल्याने मोकळ्या वाफ्यांना संध्याकाळी पाणी द्यावे.

खोकली किंवा कुप्पी नावाचे तण बागेत आहे का, हेही पाहावे. त्याच्या उघड्या पडलेल्या मुळांच्या वासाने मांजरे अक्षरशः वेडावतात आणि तिथेच लोळतात, म्हणून हे तण उपटून बांधावर टाकू नये, बागेबाहेर न्यावे. खताच्या खड्ड्यात मासळीचे काटे टाकण्याची सवय असेल तर तीही सोडावी. एकीकडे मेजवानी मांडायची आणि दुसरीकडे पाहुण्यांना हाकलायचे, हे जमत नाही.

लिंबा-संत्र्याच्या सालींचा उग्र वास मांजरांना आवडत नाही, पण साली सुकल्या की वासही जातो, त्यामुळे हा फक्त जोडउपाय समजावा. कुंपणाला टांगलेल्या लाल-निळ्या पाण्याच्या बाटल्यांनी मांजर अडते, असे मानायला मला तरी काही आधार दिसत नाही. बोक्याने मूत्र फवारलेली कुंडी साबणाच्या पाण्याने धुवावी. अमोनियायुक्त द्रव वापरू नये, कारण त्याचा वास मूत्रासारखाच असल्याने बोका पुन्हा तिथेच येण्याची शक्यता असते.

डांबराच्या गोळ्या, फिनेल आणि तिखट मात्र पूर्णपणे वर्ज्य मानावेत. फिनॉलसारखी द्रव्ये निकामी करण्याची क्षमता मांजराच्या यकृतात फार कमी असते आणि पंजाला लागलेले फिनेल ते चाटून पोटात घेते. जनावराला विष घालणे भारतीय न्याय संहितेच्या कलम 325 खाली गुन्हा असून त्यासाठी 5 वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. शिवाय प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा 1960 चा कायदा आहेच.

विष्ठा खुरप्याने, हातमोजे घालून, दिसताच उचलावी. तिच्यात टोक्सोप्लाझ्माचे परजीवी असू शकतात आणि ते बाहेर पडल्यानंतर साधारण 1 ते 5 दिवसांनी संसर्गक्षम होतात. म्हणून गर्भवती स्त्रीने हे काम स्वतः करू नये. अशा वाफ्यातली कोथिंबीर कच्ची वापरताना विशेष काळजीपूर्वक धुवावी.

शेजाऱ्यांशी बोलताना तक्रारीऐवजी दोन नेमक्या विनंत्या कराव्यात: मांजरासाठी घरात वाळूचे पसरट भांडे ठेवावे आणि बोक्याची नसबंदी करून घ्यावी, कारण नसबंदीनंतर फवारणे आणि भटकणे बहुधा बरेच कमी होते. त्यांची तयारी असेल तर दोन्ही घरांच्या मधल्या एखाद्या दुर्लक्षित कोपऱ्यात कोरड्या वाळूचा ढीग करून द्यावा आणि त्याची सफाई कोणी करायची, हे त्याच वेळी ठरवून घ्यावे.