इंजिन गेलं आणि शोरूमवाल्यांनी वॉरंटी नाकारली, आता काय करायचं

मे महिन्यातली भर दुपार, चाळीसगावहून जळगावला येत होतो, भडगाव मागे पडलं आणि पाचोऱ्याच्या अलीकडे गाडीनं दम सोडला. बॉनेटमधून वाफ, आणि टेम्परेचरचा लाल दिवा लागला तोही तेव्हाच, त्याआधी काही नाही. गाडी अडीच वर्षांची, वॉरंटी चालू, म्हणून मी निवांत. टोचन करून वर्कशॉपला नेली. चौथ्या दिवशी फोन आला की हेड, म्हणजे इंजिनचा वरचा भाग, बेंड आहे, त्याखालचं सील म्हणजे गॅस्केट गेलंय, एस्टिमेट एक लाख चाळीस हजार, आणि क्लेम रिजेक्ट, कारण काय तर "तुम्ही तापलेली गाडी तशीच पळवली."

तिथं मी जे बरोबर केलं आणि जे चुकलं ते दोन्ही सांगतो, कारण आपल्याकडे जळगाव-धुळे-नंदुरबारला उन्हाळ्यात गाड्या तापण्याचं प्रमाण काही कमी नाही.

पहिलं म्हणजे फोनवरचा नकार हा नकार धरूच नका. सर्व्हिस ॲडव्हायझर बिचारा वरून आलेलं बोलत असतो. त्याला म्हणायचं, भाऊ, क्लेम कोणत्या कारणानं नाकारला, वॉरंटीच्या कोणत्या अटीत ते बसतं आणि बिघाड नेमका कशानं झाला, हे मला मेलवर द्या. नाही देत म्हणाले तर आपणच मेल टाकायचा, "आज अमुक वाजता तुम्ही फोनवर मला असं असं सांगितलं, चूक असेल तर कळवा." उत्तर नाही आलं तरी तो कागद पुढे कामाला येतो. व्हॉट्सॲपवरचं बोलणंही डिलीट करू नका.

दुसरं, आणि इथंच माझं चुकलं, इंजिन उघडताना मी तिथं नव्हतो. तुम्ही उभे राहा. उघडायच्या आधी स्कॅनरचा रिपोर्ट मागा, कोणता फॉल्ट कोड आला आणि त्या क्षणी इंजिनचं तापमान, आरपीएम, स्पीड किती होता हे बऱ्याच गाड्यांच्या ईसीयूमध्ये, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये, साठलेलं असतं, आणि कोड क्लिअर केला की तो पुरावा जातो. ऑइल कसं निघालं, कुलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) किती उरलं, पाईप कुठं फाटला, सगळ्याचा व्हिडिओ काढा, फ्रेममध्ये नंबर प्लेट येईल असं बघा. "आधी रिपेअर करून घ्या, मग क्लेमचं बघू" या बोलण्याला भुलू नका, एकदा नवे पार्ट बसले की जुनं काय झालं होतं ते सांगायला कोणी राहत नाही. स्वतः पैसे भरून काम करायचीच वेळ आली तर बिलावर "क्लेमचा हक्क राखून" असं लिहा आणि जुने पार्ट पोत्यात भरून घरी आणा. आणि हो, गाडी पडून राहिली की वर्कशॉप रोजचं पार्किंग लावायला बघतं, त्याला तेव्हाच लेखी हरकत घ्या.

आता माझ्या केसमधला खरा मुद्दा. रेडिएटरचा होज पाईप क्लॅम्पपाशी फाटला होता. कुलंट हळूहळू गेलं तर काटा वर चढताना दिसतो, पण एकदम सांडलं तर सेन्सरभोवती पाणीच राहत नाही, तो नुसत्या हवेत आणि वाफेत राहतो, म्हणून काटा चढत नाही किंवा फार उशिरा चढतो, आणि तोवर हेड तापून वाकलेलं असतं. हे मला आमच्या गल्लीतल्या मिस्त्रीनं सांगितलं, "काय व्हयनं भो?" विचारत त्यानं दहा मिनिटांत कारण काढलं. मग मी मेलमध्ये एकच प्रश्न लावून धरला, दिवा लागल्यावर मी किती किलोमीटर चालवली ते तुमच्या स्कॅनरमधून दाखवा. त्यांच्याकडे उत्तर नव्हतं.

तुमच्याकडे कारण वेगळं सांगतील. सर्व्हिस दोन महिने उशिरा झाली असं म्हणाले तर त्या उशिराचा या बिघाडाशी संबंध काय ते विचारा. ऑइलचा गाळ होऊन बेअरिंग गेलं असेल तर मात्र त्यांचं म्हणणं खरं असू शकतं, उगीच भांडू नका. बाहेरच्या गॅरेजला काम केलं म्हणून सगळी वॉरंटी गेली असं म्हणतात, त्यावर भारतीय स्पर्धा आयोगाचा २०१४ चा १४ कार कंपन्यांविरुद्धचा आदेश आहे, त्यात म्हटलंय की बाहेरच्या चुकीच्या कामामुळे जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच वॉरंटी रद्द करता येईल. त्यावर पुढे अपिलं झाली, त्यामुळे सगळा भार त्यावर टाकू नका, पण मेलमध्ये उल्लेख जरूर करा. पाण्यात गाडी घालून कनेक्टिंग रॉड वाकला असेल तर वॉरंटीचा नाद सोडा, तो इन्शुरन्सचा विषय, आणि तिथंही इंजिन प्रोटेक्ट हे जादाचं कव्हर घेतलेलं नसेल तर अवघड आहे.

वर्कशॉप ऐकत नसेल तर कंपनीच्या कस्टमर केअरला मेल, सोबत जॉबकार्ड, सर्व्हिसची सगळी बिलं, फोटो. एरिया मॅनेजरनं गाडी बघावी अशी मागणी करा. तरी हलले नाहीत तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, नंबर १९१५. मग नोटीस, स्पीड पोस्टानं, डीलर आणि कंपनी दोघांनाही, कारण नाहीतर दोघं एकमेकांकडे बोट दाखवत बसतात.

शेवटी जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तुम्ही जिथं राहता तिथं तक्रार करता येते, म्हणजे गाडी नाशिकहून घेतलेली असली तरी अमळनेरचा माणूस जळगावलाच तक्रार लावेल. तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत. फी गाडीला मोजलेल्या पैशावर, ५ लाखांपर्यंत काही नाही, ५ ते १० लाखांना २०० रुपये, २० लाखांपर्यंत ४००. वकील सक्तीचा नाही, ई-जागृती या सरकारी पोर्टलवर ऑनलाइनही भरता येते. पण दोष होता हे सिद्ध करायचं काम आपल्यावर येतं, म्हणून सरकारी इंजिनीअरिंग कॉलेजच्या मेकॅनिकलच्या प्राध्यापकाचा किंवा लायसन्स असलेल्या सर्व्हेयरचा लेखी अहवाल जोडा, नाहीतर आयोगाकडेच लॅब तपासणीची मागणी करा. कायद्यात निकालासाठी तपासणी नसेल तर ३ महिने, असेल तर ५ महिने लिहिलेत, प्रत्यक्षात तारखा पडतात, तेवढी तयारी ठेवा.

माझं आयोगापर्यंत गेलं नाही. नोटीस पोचल्यावर दोन आठवड्यांनी फोन आला, कंपनी "गुडविल" म्हणून, म्हणजे आपल्या मर्जीनं, सगळे पार्ट देते, लेबर आणि ऑइल-कुलंट तुमचं. मी हो म्हटलं. गाडी न्यायला गेलो तर गेटपाससोबत एक कागद पुढे केला, त्यात बारीक अक्षरात लिहिलेलं की या इंजिनबद्दल यापुढे माझी काही तक्रार राहणार नाही. ती ओळ पेनानं खोडली, वर लिहिलं "उरलेली वॉरंटी चालू राहील", त्यांची सही-शिक्का घेतला, आणि मगच चावी हातात घेतली.